वाळूतलं बेणं

किहीमच्या पुळणीवर समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की हिरवळीच्या दोन ओळी दिसतात. वरची ओळ सुरूची. उंच, काळपट, वारं सुटलं की सूं-सूं करणारी. पर्यटकांच्या फोटोत येते ती हीच. खालच्या ओळीकडे सहसा कोणी बघत नाही. भरतीची खूण संपून वाळू जिथे कोरडी होते, तिथे मर्यादवेल पसरलेली असते. जाड, मधोमध दुभंगलेली पानं, सकाळी उमलणारी जांभळट गुलाबी फुलं आणि समुद्राच्या दिशेने निघालेले लांबच लांब धुमारे. सुरूचं झाड मूळचं इथलं नव्हे. १८६८च्या सुमारास ते कारवारकडे जळणासाठी लावलं गेलं, आणि पुढे वाऱ्याला आड म्हणून साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर वन खात्याच्या पिशव्यांमधून पसरलं. मर्यादवेल कोणी लावली नाही. तिचं टणक बी खाऱ्या पाण्यावर तरंगत येतं आणि जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर असंच रुजत आलं आहे.

दोन्ही वनस्पती फांदीच्या तुकड्यापासून वाढवता येतात. फरक एवढाच, की एकीला ओली वाळू पुरते आणि दुसरीसाठी कोईमतूरच्या संशोधन संस्थेला खटपट करावी लागली. हा फरक का पडतो, हे कळलं की रोपवाटिकेत नेहमी चालणारा वाद (वाळू बरी, माती बरी की कोकोपीट बरं?) बराचसा निकालात निघतो.

किहीम अलिबागच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर, चोंढीवरून आत वळलं की येतं. निसर्गाच्या अभ्यासात या गावाचं नाव झालं ते सुगरणीमुळे. १९३०च्या पावसाळ्यात नोकरी नसलेले पक्षीशास्त्रज्ञ सालीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह इथल्या घरी राहत होते. घराजवळच्या वसाहतीत त्यांनी सुगरणीची घरटी रोजच्या रोज पाहिली. घरटं नर बांधतो, मादी ते पारखून घेते आणि नर पुढच्या मादीसाठी नवं बांधायला घेतो, हे त्या निरीक्षणातून पुढे आलं. घरट्यांचं गाव म्हणून किहीमची ओळख तेव्हापासूनची. मुळांसाठी मात्र इथे कोणी ठाण मांडून बसल्याचं ऐकिवात नाही. खरं तर बसायला जागा उत्तम आहे.

मर्यादवेलीचा एक धुमारा उचलून पाहावा. पेरापेरावर एक पान, पानाच्या देठाच्या टोकाशी दोन बारीक ग्रंथी आणि त्यातल्या गोडाला लागलेल्या मुंग्या. पेराच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तर खरखरीत उंचवटे लागतात. ही मुळांची तयार सुरुवात. वाळूचा थर अंगावर आला, ओल लागली, अंधार झाला की तिथून मूळ खाली उतरतं. धुमारा तोडला तर पांढरा चीक येतो. तो पुसून टोक तासभर सावलीत सुकू दिलं की कुजण्याची भीती कमी होते.

हाच प्रकार शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. रताळं आणि मर्यादवेल एकाच कुळातली, एकाच प्रजातीगटातली. रताळ्याचं बेणं म्हणजे वेलाचे तीन-चार डोळ्यांचे तुकडे. मधले डोळे मातीत दाबायचे, टोकं वर ठेवायची. नवरात्राच्या उपासाला जे रताळं उकडलं जातं, त्याच्यामागे अशी एक कांडी असते. मर्यादवेलीसाठी वेगळं शास्त्र शिकावं लागत नाही. वीतभर ते दीड वीत लांबीचा, फार कोवळा नाही आणि फार जून नाही असा तुकडा, खालची पानं काढलेली, दोन डोळे आत आणि दोन बाहेर. पावसाळी दमट हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरतात.

सगळ्याच झाडांकडे अशी तयारी नसते. फांदी कापल्यावर झाडाच्या शेंड्याकडून खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथल्या काही पेशी आपलं काम सोडून मूळ घडवायला लागतात. १९३४ साली ऑक्सिनची रासायनिक ओळख पटली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत आयबीए हा त्याचा कृत्रिम भाऊबंद मुळं फोडायला चांगला लागू पडतो हे दिसलं. आज रोपवाटिकांत पांढऱ्या पावडरीच्या डबीतून येतो तो हाच. पण आयबीए लावलं तरी पेशींना वेळ लागतोच. कोणाला आठवडा, कोणाला महिना, कोणाला त्याहून जास्त. मूळ नसलेल्या फांदीला फारसं पाणी ओढता येत नाही आणि पानं तर वाफ सोडतच राहतात. म्हणजे मुळं फुटेपर्यंत तिला सुकूही द्यायचं नाही आणि कुजूही द्यायचं नाही. माध्यमाचं काम एवढंच. त्या काळात ते खाऊ घालत नाही, घालूही नये. कटिंगच्या पिशवीत ओंजळभर शेणखत जास्त टाकणारे माळी या एका गोष्टीवर हटकून फसतात.

वाळूपासून सुरुवात करू. जाड, धुतलेली वाळू ही जुन्या माळ्यांची पहिली निवड. पाणी झरझर उतरतं, हवा खेळती राहते, खोडकुज लागण्याची शक्यता कमी. तोटा असा की ती ओल धरत नाही, दिवसातून दोनदा शिंपडावं लागतं, आणि त्यात पोषण शून्य. वाळूत फुटलेली मुळं लांब, कमी फाट्यांची आणि ठिसूळ असतात. रोप उपटताना वाळू झडते आणि तिच्याबरोबर निम्मी मुळंही.

आता कोणी म्हणेल, किनाऱ्यावर राहून वाळूची काय चिंता? चिंता आहे. किहीमच्या वाळूत बेसाल्टच्या काळ्या कणांबरोबर शिंपल्यांचा भरपूर चुरा असतो. शिंपला म्हणजे चुना. त्याने वाळूचा सामू आठाच्या वर जातो आणि लोह-जस्त रोपाला मिळेनासं होतं. मर्यादवेलीला त्याचं काही नाही, ती त्यातच वाढली आहे. पण मोगरा किंवा मिरीची कांडी अशा वाळूत कोवळी पानं पिवळी पाडून बसते. शिवाय मीठ. आणि तिसरी गोष्ट कायद्याची. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येतात आणि पुळणीवरून वाळू उपसायला बंदी आहे. रोपवाटिकेसाठी टेम्पो भरून ती आणणं म्हणजे मर्यादवेल लावायला तिच्याच पायाखालची जमीन काढून नेणं. नदीची वाळू महाग झाल्यापासून क्रश सँडचा पर्याय आला आहे. तिच्यातली दगडाची भुकटी धुऊन काढली नाही तर दोन पावसांत पिशवीचा तळ सिमेंटसारखा बसतो.

कोकोपीटने गेल्या पंचवीसेक वर्षांत रोपवाटिकांचं रूपच बदललं. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तो हा. पूर्वी काथ्याच्या कारखान्यांमागे त्याचे ढीग पडलेले असत. आकारमानाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोकळी, आणि वजनाच्या सात-आठ पट पाणी धरण्याची ताकद. मुळं त्यात बारीक, दाट, फाटेदार होतात आणि रोप काढताना गोळ्यासकट निघतं. पण काही ठिकाणी सोडणं खाजणाच्या, खाडीच्या पाण्यात कुजवली जातात. तिथल्या भुशात सोडियम आणि पोटॅशियम उतरलेलं असतं. वीट भिजवून, पाणी काढून टाकून, पुन्हा भिजवून दोन-तीनदा धुतल्याशिवाय तो वापरू नये. मोठ्या रोपवाटिका कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यातून तो काढतात, म्हणजे भुशाला चिकटलेलं सोडियम सुटतं. ज्यांच्याकडे क्षारता मोजायचं यंत्र नाही त्यांनी निदान निथळलेलं पाणी जिभेला लावून पाहावं. कोकणात हे कोणाला सांगावं लागत नाही.

कोकोपीटचा दुसरा धोका ओलाव्याचा. कोणत्याही भांड्यात तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, भोकं कितीही पाडली तरी. भांडं जितकं बुटकं, तितका कांडीचा जास्त भाग त्या थरात. उथळ ट्रेमध्ये कोकोपीट भरून वर पावसाळी शिंपडा केला की आठ दिवसांत कांडीचं टोक काळं पडतं. म्हणून त्यात जाड वाळू, परलाइट किंवा जळकं भाताचं तूस मिसळायचं. रायगड भाताचा जिल्हा. गिरणीमागे तूस मिळतंच. अर्धवट जाळलेलं तूस हलकं, निर्जंतुक, पाणी सोडणारं असतं आणि परलाइटच्या गोणीच्या तुलनेत फुकट म्हणावं असं. मुठीत घेऊन दाबल्यावर दोन-चार थेंबांहून जास्त पाणी गळत नाही, असं मिश्रण जमलं की ठीक.

राहिली माती. जांभ्याची लाल माती पोयट्यात आणि शेणखतात मिसळून पिशवी भरणं ही कोकणातली रुळलेली पद्धत. कलमांना, मुळं धरलेल्या रोपांना ती उत्तम. बिनमुळाच्या कांडीला मात्र ती जड पडते. जे झाड लवकर मुळं धरतं त्याला ती चालते. ज्याला महिना लागतो ते तोवर कुजतं.

याचं नमुनेदार उदाहरण वाडीतच आहे. अलिबागच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत मिरीचे वेल चढवलेले दिसतात. मिरीची रोपं करायची तर वेलाच्या बुंध्याशी निघून जमिनीवर सरपटणारे धावते फुटवे घ्यायचे. त्यांच्या पेरांना मुळं फोडायची सवय असते. माती, वाळू, शेणखताच्या पिशवीत ते सहज लागतात आणि पुढे पोफळीवर चढतात. त्याच वेलाच्या आडव्या, मिरी धरणाऱ्या फांदीचा तुकडा लावला तर तो मुळं धरायला कुरकुर करतो, आणि धरली तरी कधीच चढत नाही. कुंडीत बसकं झुडूप होऊन मिरी देत राहतो. शहरातल्या गॅलरीत विकली जाणारी झुडूपमिरी ती हीच. झाड तेच, माध्यम तेच, फक्त कांडी कुठली घेतली यावर सगळं ठरलं. माध्यमाच्या वादात पडण्याआधी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

किनाऱ्याचं आणखी एक झाड अवघ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण किनाऱ्याचं म्हणून नव्हे. कोयनेल. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्या, शाळा, सरकारी बंगले यांच्या कडेला कात्रीने चौकोनी छाटलेलं जे हिरवं कुंपण असतं, ते बहुतेक वेळा हेच. खाडीच्या कडेला, तिवरांच्या मागे ते आपसूक वाढतं. खारफुटीच्या पुस्तकांत त्याचं नाव वनजाई. पेन्सिलीएवढी जाड कांडी पावसाच्या तोंडावर रोवली की झालं. वाळू, माती, कोकोपीट, काहीही चालतं. कोकणात वई (कुंपण) घालताना भेंड, पांगारा, मोगली एरंड यांचे खुंट रोवतात आणि मृगाच्या पावसात त्यांना पालवी येते. वईचं आयुष्य त्यामुळे वाढतं. तिवराची कांडी मात्र अशी मुळं धरत नाही. म्हणून खारफुटीच्या रोपवाटिकांत बी आणि रुजलेल्या शेंगाच गोळा कराव्या लागतात.

सुरूकडे वळायचं तर गोष्ट अवघड होते. सुरूची ‘पानं’ म्हणजे खरं तर बारीक हिरव्या डहाळ्या, आणि त्यांचाच कोवळा झुबका कांडी म्हणून घेतात. बियांपासून वाढवलेल्या सुरूत झाडाझाडांत मोठा फरक पडतो. कागद कारखान्यांना आणि बल्ल्यांच्या शेतकऱ्यांना सरळ, वेगाने वाढणारी झाडं हवी असतात. थायलंडमध्ये सुरूच्या संकराचा एक नर वाण होता, त्याला बी धरतच नसल्याने तो फांदीवरूनच वाढवला गेला. भारतात हे काम प्रामुख्याने कोईमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्थेने केलं. झुबक्याच्या टोकाला आयबीए लावायचं, व्हर्मिक्युलाइट भरलेल्या रूट ट्रेनरमध्ये रोवायचं आणि प्लास्टिकच्या बंद कक्षात हवा दमट ठेवायची. व्हर्मिक्युलाइट म्हणजे तापवून फुगवलेला अभ्रकाचा प्रकार. त्याच्या पापुद्र्यांत पाणी आणि हवा दोन्ही राहतात, आणि त्यात रोगजंतू नसतात. सुरूला तीन-चार आठवडे तग धरायचा असतो, म्हणून त्याला हे लाड लागतात.

आणि इथेच एक मजेदार अडचण. सुरूच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या जिवाणूच्या गाठी असतात. हवेतला नत्र त्या झाडाला मिळवून देतात, म्हणून तर ते निकस वाळूत उभं राहतं. निर्जंतुक व्हर्मिक्युलाइटमध्ये फ्रँकिया कुठून येणार? मुळं धरल्यावर जुन्या सुरूखालची मूठभर माती किंवा ठेचलेल्या गाठी पिशवीत मिसळाव्या लागतात. जे जंतू नकोत म्हणून एवढा खटाटोप केला, त्यातला एक हाताने परत आणायचा.

पाण्याचा विचार न करता माध्यमाचा विचार पुरा होत नाही, निदान किहीममध्ये तरी. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत विहिरींना गोडं पाणी लागतं, कारण पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरून खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशेब असा: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उपसा वाढला आणि वरची पातळी हातभर उतरली, की खालून खारं पाणी त्याच्या चाळीस पटीने वर सरकतं. रहाटाच्या काळात उपसा आपोआप मर्यादित होता. पंप आणि बोअरवेलना ती सीमा नाही. एप्रिल-मेमध्ये मचूळ झालेल्या पाण्याने कटिंगच्या पिशव्या भिजवल्या की प्रत्येक शिंपणीगणिक थोडं मीठ मागे राहतं. मग दोष कोकोपीटला लागतो.

पाऊस हे सगळं सोपं करतो. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवाच इतकी दमट की वेगळा धुक्याचा कक्ष लागत नाही. पण पुळणीवर थेट लावायला जून-जुलै वाईट. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, किनारा खचतो; उधाण उतरलं की ती वाळू हळूहळू परत येते. म्हणून शहाणपणाचा क्रम असा: मृगात कांड्या रोपवाटिकेत लावायच्या, श्रावणभर मुळं धरू द्यायची आणि गणपती आटोपता आटोपता पुळणीवर न्यायच्या. थोडा पाऊस शिल्लक असतो, समुद्र निवळत असतो, आणि ऑक्टोबरची काहिली सुरू होण्याआधी मुळांना महिना मिळतो.

लावण्याच्या वेळी माध्यमाचा हिशेब पुन्हा निघतो. निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेलं रोप वाळूत लावलं तर मुळं त्या ओल्या स्पंजातच घुटमळतात, आणि एकदा तो सुकला की भोवतीची जाड वाळू त्याला पाणी परत देत नाही. पुळणीवर जाणाऱ्या रोपासाठी निम्मी वाळू मिसळलेलं माध्यम बरं. शेवटचे दोन आठवडे पाणी कमी आणि ऊन पूर्ण. खड्डा उथळ असू नये. वाळूचा वरचा थर तापून भाजतो, पण वीतभर खाली हात घातला तर उन्हाळ्यातही ओल लागते, कारण वरची कोरडी वाळूच खालची ओल झाकून ठेवते. कांडीचे दोन-तीन डोळे त्या ओलीपर्यंत गेले पाहिजेत. पुढचं काम वेल करते. वारा वाळू आणून टाकतो, धुमारे तिच्यावर चढतात, नव्या पेरांना मुळं फुटतात, आणि टेकडी इंचाइंचाने वाढते.

हे सगळं इतकं सोपं असताना मर्यादवेल विकणारी रोपवाटिका शोधावी लागते, कारण तिला गिऱ्हाईक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वाऱ्याने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचं सुरूही मोडलं. त्यानंतर मागणी आली ती पुन्हा झाडांचीच. उंच झाड वारा अडवतं हे खरं, पण पायाखालची वाळू धरून ठेवायला त्याला खालच्या ओळीची गरज असते. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अँतोनियो मास्कारेन्हास यांनी वाळूच्या टेकड्यांचं महत्त्व मांडलं होतं.

अर्थात सहज मुळं धरणं हा नेहमीच गुण नसतो. मर्यादवेलीचाच एक भाऊबंद बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप तुटलेल्या तुकड्यावरून कुठेही फुटतं आणि त्याने राज्यभरचे कालवे, तळी बुजवली आहेत. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात आशियातून निगडीचा एक पसरट किनारी प्रकार मुद्दाम आणला गेला, वाळू धरावी म्हणून. १९८९च्या ह्यूगो वादळानंतर त्याची लागवड वाढली. काही वर्षांत त्याने स्थानिक गवतं मारली, कासवांच्या विणीच्या जागा व्यापल्या, आणि मग तो उपटण्यासाठी मोहीम काढावी लागली. आपल्या किनाऱ्यावर काय लावायचं याचा निर्णय ‘पटकन लागतं’ एवढ्यावर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. मर्यादवेलीचं तसं नाही. ती इथलीच आहे आणि तिला आवर घालायला समुद्र बसलेला आहे.

तिला खरा त्रास होतो तो चाकांचा. शनिवार-रविवारी पुळणीवर गाड्या उतरतात, घोडागाड्या आणि चारचाकी बाइक फिरतात, आणि साफसफाईच्या नावाखाली प्लास्टिकबरोबर वेलही ओढून काढली जाते. चाकाखाली धुमारा एकदा चिरडला की त्याच्या पुढचा भाग सुकतो. रोज चिरडला तर पेरांना मूळ धरायला उसंतच मिळत नाही. काठ्या रोवून एक दोरी बांधली तर पुरते, जाळी-भिंतीचा खर्च लागत नाही. दोरी भरतीच्या सर्वांत वरच्या खुणेपासून सुरूच्या पहिल्या रांगेपर्यंतची पट्टी वेगळी काढेल अशी हवी, आणि ती निदान दोन पावसाळे राहायला हवी. पहिल्या पावसाळ्यात कांड्या मुळं धरतात, दुसऱ्यात वाळू साठायला लागते. साफसफाईत तुटून निघालेले धुमारे कचऱ्याच्या गाडीत टाकण्याऐवजी त्या पट्टीत, डोळे खाली करून, वीतभर खोल पुरले तरी चालतात. पावसाळा असेल तर त्यातले बरेचसे लागतात.